दुसऱ्यांचे दुःख गाणारा इयान कर्टिस

इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील मॅक्लेसफील्ड गावच्या सेवायोजन कार्यालयात १९७८ च्या सुमारास इयान कर्टिस नावाचा एक तरुण नोकरीस होता. अपंग आणि दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसांना झेपेल असे काम शोधून देणे, ही त्याची जबाबदारी. कामाच्या शोधात त्याच्याकडे येणाऱ्यांत एक तरुणी होती. तिला अपस्माराचा विकार होता आणि वारंवार येणाऱ्या झटक्यांमुळे तिचे काम बुडत असे. एके दिवसापासून तिचे येणे थांबले. तिला नोकरी लागली असावी, असे इयानने गृहीत धरले. पुढे त्याला कळले ते निराळेच. झटका येऊनच तिचा मृत्यू झाला होता. या तरुणीवर त्याने लिहिलेले गाणे 'शी इज लॉस्ट कंट्रोल' या नावाने पुढे जगभर पोहोचले. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात इयानला स्वतःलाच अपस्माराचा पहिला मोठा झटका आला.

गॉथिक रॉक या संगीतप्रकाराचा उगम शोधणारा रसिक ज्या मोजक्या नावांपाशी पोहोचतो, त्यांत 'जॉय डिव्हिजन' या चौघांच्या बँडचे नाव अग्रभागी आहे. इयान कर्टिस हा त्याचा गायक आणि गीतकार. अवघ्या तेविसाव्या वर्षी त्याने आपले जीवन संपवले. तेव्हापासून त्याच्या मृत्यूची कथा त्याच्या गाण्यांपेक्षा मोठी होत गेली आणि शापित, अंधारवेडा कलावंत अशी त्याची प्रतिमा घट्ट झाली. प्रत्यक्षातील इयान मात्र दुसऱ्यांची दुःखे कान देऊन ऐकणारा माणूस होता. या प्रतिमेच्या गर्दीत ती ओळख मागे पडली.

इयानचा जन्म १५ जुलै १९५६ रोजी मँचेस्टरलगतच्या स्ट्रेटफर्ड येथे झाला. वडील पोलीस खात्यात होते. बालपण मॅक्लेसफील्डमध्ये गेले. हे गाव एकेकाळी रेशमाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. शेजारचे मँचेस्टर मराठी वाचकाला कापडामुळेच परिचित आहे. स्वदेशीच्या चळवळीत ज्या विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या, त्यातले बरेचसे कापड याच परिसरातल्या गिरण्यांतून आलेले असे, आणि इचलकरंजीला आजही महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. इयान तरुण झाला तोवर मूळ मँचेस्टरचे वैभव ओसरले होते. गिरण्यांना टाळी लागली होती आणि कामगारांच्या जुन्या चाळवजा घरांच्या रांगा पाडल्या जात होत्या. मुंबईच्या गिरणगावाने १९८२ च्या संपानंतर जे पाहिले, ते या शहराने काही वर्षे आधी अनुभवले होते.

अकराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून इयान मॅक्लेसफील्डच्या किंग्ज स्कूलमध्ये दाखल झाला. अभ्यासात तो हुशार होता. पुढील शिक्षणासाठी त्याने इतिहास आणि धर्मशास्त्र हे विषय निवडलेही होते, परंतु ते त्याने अर्ध्यावर सोडले. त्याचे मन वाचनात आणि तबकड्यांत रमले. डेव्हिड बोवी, लू रीड, इगी पॉप आणि जिम मॉरिसन हे त्याचे आवडते गायक होते. वाचनात काफ्का, दोस्तोयेव्स्की, गोगोल, विल्यम बरोज आणि जे. जी. बॅलार्ड असत. या वाचनाच्या खुणा पुढे त्याच्या गाण्यांच्या शीर्षकांतही उमटल्या. 'डेड सोल्स' हे शीर्षक गोगोलच्या कादंबरीचे, तर 'अॅट्रॉसिटी एक्झिबिशन' बॅलार्डच्या पुस्तकाचे.

२३ ऑगस्ट १९७५ रोजी त्याने डेबोरा वुडरफ हिच्याशी विवाह केला. तो एकोणीस वर्षांचा होता, ती अठरा. काही काळ मँचेस्टरमधील तबकड्यांच्या दुकानात काम केल्यावर तो सरकारी नोकरीत शिरला होता. दोन वर्षांनी या जोडप्याने मॅक्लेसफील्डच्या बार्टन स्ट्रीटवर एक छोटे घर घेतले. त्यातली एक खोली इयानने लेखनासाठी राखून ठेवली. दिवसा कार्यालय आणि रात्री ती खोली, असा त्याचा क्रम सुरू झाला.

१९७६ च्या उन्हाळ्यात 'सेक्स पिस्टल्स' हा लंडनचा पंक बँड मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये दोनदा येऊन गेला. ४ जूनच्या पहिल्या कार्यक्रमाला श्रोते अगदी थोडे होते, पण त्यातल्या अनेकांनी पुढे स्वतःचे बँड काढले. बर्नार्ड समनर आणि पीटर हुक हे सॅल्फर्डचे दोन शाळासोबती त्या गर्दीत होते. वाद्य वाजवण्याचे शिक्षण नसले तरी मंचावर उभे राहता येते, एवढा धडा त्यांनी त्या रात्री घेतला आणि पाठोपाठ हुकने बेस गिटार विकत घेतली. गायक हवा, अशी त्यांची जाहिरात तबकड्यांच्या एका दुकानात लागली. तिला इयानने उत्तर दिले आणि कोणतीही चाचणी न घेता त्याची निवड झाली. २९ मे १९७७ रोजी 'वॉर्सा' या नावाने हा बँड पहिल्यांदा मंचावर आला. ते नाव बोवीच्या एका रचनेवरून घेतले होते. ऑगस्टमध्ये मॅक्लेसफील्डचाच स्टीफन मॉरिस ड्रमवादक म्हणून येऊन मिळाला आणि चौकडी पूर्ण झाली.

१९७८ च्या प्रारंभी बँडने 'जॉय डिव्हिजन' हे नाव धारण केले. नाझी छळछावणीत लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांविषयीच्या 'हाऊस ऑफ डॉल्स' या कादंबरीतून ते आले होते. या नावामुळे, तसेच पहिल्या तबकडीच्या वेष्टनावरील हिटलरच्या युवक संघटनेतील मुलाच्या चित्रामुळे त्यांच्यावर नाझीप्रेमाचा आरोप झाला. या तरुणांना नाझींचे आकर्षण नव्हते असे मानले, तरी निवड बेजबाबदार होती हे नाकारता येत नाही. बळींच्या यातनेचे नाव मनोरंजनाच्या फलकावर लावताना जो विचार करायला हवा होता, तो त्यांनी केला नाही.

बँडची घडण सरावाच्या खोलीत होत असे. हुकचा ध्वनिवर्धक सुमार होता. समनरच्या गिटारपुढे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून तो बेसच्या वरच्या स्वरांत वाजवू लागला. इयानला ते आवडले आणि त्याने त्यालाच प्रोत्साहन दिले. सामान्यतः पायाखाली राहणारी बेस गिटार या बँडमध्ये सुरावट धरते, ती या योगायोगामुळे. इयान स्वतः वाद्यात निष्णात नव्हता. तिघे वाजवत असताना तो ऐकत बसे. मध्येच थांबवून, आत्ता वाजला तो तुकडा पुन्हा वाजवा, असे सांगे. त्या तुकड्याभोवती मग गाणे रचले जाई. शब्दांचे कागद तो एका प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन येत असे. चालीला शोभेल तो कागद त्यातून निघे. आपण काय वाजवले याचे मोल वाजवणाऱ्यांच्या आधी त्याला कळत असे, हे सहकाऱ्यांनी नंतर मान्य केले.

दूरचित्रवाणीवरील निवेदक टोनी विल्सन यांनी सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने या बँडला आश्रय दिला. एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत 'अननोन प्लेझर्स' हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला आणि १५ जून रोजी १०,००० प्रतींच्या पहिल्या आवृत्तीसह बाजारात आला. निर्माते मार्टिन हॅनेट यांनी मंचावरचा धडाडीचा पंक पार बदलून टाकला. ड्रमचा प्रत्येक घाव त्यांनी वेगळा काढला आणि वाद्यांमध्ये मोकळी जागा सोडली. स्टुडिओतील लिफ्टची घरघर आणि काच फुटण्याचा आवाजही त्यांनी गाण्यांत आणला. रिकाम्या गिरणीत रात्री कोणी एकटाच चालत असावा, असा भास ते ऐकताना होतो. समनर आणि हुक यांना तेव्हा हा परिणाम मुळीच आवडला नव्हता.

वेष्टनावर बँडचे नाव नव्हते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या लहरींच्या रेषा तेवढ्या होत्या. खगोलशास्त्राच्या एका कोशातला तो आलेख बँडमधल्याच एकाने शोधला आणि पीटर सॅव्हिल यांनी त्याची मांडणी केली. पल्सार या प्रकारच्या ताऱ्याकडून येणारे रेडिओ-स्पंद त्यात दाखवले आहेत. हा पल्सार जॉसलिन बेल यांना १९६७ मध्ये सर्वप्रथम आढळला होता. आज हे चित्र जगभरच्या तरुणांच्या टी-शर्टवर दिसते. ते घालणाऱ्या कितीतरी जणांनी अल्बम ऐकलेलाही नसतो.

या संगीताला गॉथिक हे विशेषण लागले तेही १९७९ च्याच आसपास. गोव्यातील वाचकाला गॉथिक म्हटले की साळगावच्या चर्चचे पांढरेशुभ्र, टोकदार मनोरे आठवतील. या वास्तुशैलीवरून अठराव्या शतकात भग्न वाडे आणि भयछायांच्या कादंबऱ्यांना ते नाव मिळाले. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या वाचकाला ही वाट अनोळखी नाही. पुढे ते संगीतात आले. 'बाऊहाऊस' या बँडचे 'बेला लुगोसीज डेड' हे नऊ मिनिटांहून लांब गाणे १९७९ च्याच ऑगस्टमधले. त्यापाठोपाठ 'सूझी अँड द बॅन्शीज', 'द क्युअर' आणि 'द सिस्टर्स ऑफ मर्सी' यांनी या प्रवाहाला काळा पोशाख, रंगवलेले डोळे आणि स्मशानातली प्रतिमासृष्टी दिली. जॉय डिव्हिजनकडे यातले काहीच नव्हते. साधा शर्ट आणि पँट घालून ते कचेरीतून थेट आल्यासारखे मंचावर उभे राहत. त्यांच्या गाण्यांत भुतेखेते नाहीत. तिथली भीती कार्यालयाची, इस्पितळाची आणि बंद खोलीची आहे.

इयानचा आजार बळावत गेला तो याच काळात. २७ डिसेंबर १९७८ रोजी लंडनमधला पहिला कार्यक्रम आटोपून परतताना त्याला मोटारीत झटका आला होता. जानेवारीत निदान झाले. ज्या विकाराच्या लोकांची प्रकरणे तो कार्यालयात हाताळत असे, तोच विकार त्याच्या वाट्याला आला. पुढे काय होऊ शकते, हे इतर कोणत्याही रुग्णापेक्षा त्याला अधिक ठाऊक होते. त्या काळी दिली जाणारी फेनोबार्बिटोनसारखी औषधे गुंगी आणत आणि मन खचवत. अपस्मारासोबत नैराश्य अनेकदा येते, हे आज वैद्यकाला चांगले माहीत आहे. तेव्हा झटक्यांवर उपचार झाले, मनाकडे पुरेसे लक्ष गेले नाही. एप्रिल १९७९ मध्ये कन्या नॅटलीचा जन्म झाला. झटका आला तर काय, या धास्तीने तो मुलीला कडेवर घ्यायलाही कचरत असे.

मंचावर तो हात झाडत, ताठरलेल्या अंगाने, नजर हरवल्यासारखा नाचे. हे नृत्य झटक्याशी इतके मिळतेजुळते होते की पुढे पुढे नाच कुठे संपला आणि आजार कुठे सुरू झाला, हे प्रेक्षकांना उमगत नसे. काही वेळा सहकाऱ्यांना त्याला उचलून आत न्यावे लागले. लोक टाळ्या वाजवत राहत. १९७९ च्या शरद ऋतूत त्याने नोकरी सोडली आणि बँड पूर्णवेळ दौऱ्यांवर निघाला. रात्रीची जागरणे, लांबचे प्रवास, लखलखणारे दिवे, अपुरी झोप. ज्या ज्या गोष्टी या आजारात टाळायच्या असतात, त्या सगळ्या आता त्याच्या व्यवसायाचा भाग झाल्या.

घरातही तणाव वाढला होता. बेल्जियमच्या अॅनिक ऑनोरे हिच्याशी त्याचा स्नेह जडला होता आणि संसार मोडण्याच्या बेतात होता. यात डेबोराच्या वाट्याला आलेले दुःख इयानच्या कीर्तीखाली झाकले जाऊ नये. तान्हे मूल, पैशाची ओढाताण आणि कार्यक्रमांपासून दूर ठेवले जाणे, हे तिने एकटीने सोसले. तिने १९९५ मध्ये लिहिलेल्या 'टचिंग फ्रॉम अ डिस्टन्स' या आठवणींत त्याचा स्वार्थ आणि मत्सरी, हुकूम गाजवणारा स्वभावही नोंदला आहे. त्याच्याविषयी लिहिलेल्या पुस्तकांत ते सर्वांत प्रामाणिक आहे. त्यावर आधारित 'कंट्रोल' हा अँटन कॉर्बिन यांचा कृष्णधवल चित्रपट २००७ मध्ये आला.

मार्च १९८० मध्ये लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत दुसरा अल्बम 'क्लोजर' आकाराला आला. त्यातील शब्दांत अपराधभाव, थकवा आणि निरोप इतका उघड आहे की आज ते ऐकताना नवल वाटते. ऑनोरे हिला ते ऐकून काळजी वाटली होती आणि तिने ती बोलूनही दाखवली. तो केवळ कलेचा भाग आहे, असे तिला समजावण्यात आले. आपण शब्दांकडे फारसे लक्षच दिले नाही, अशी कबुली बँडमधल्या मित्रांनी पुढे अनेकदा दिली. त्यांना दोष देणे सोपे आहे. तेही विशी-बाविशीतले होते, आणि प्रत्येक वेळी आपण ठीक असल्याचे इयानच त्यांना सांगत असे.

४ एप्रिलला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये दिव्यांच्या लखलखाटात त्याला झटका आला आणि त्याच रात्री त्याने दुसऱ्या ठिकाणीही गायन केले. काही दिवसांतच त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यातून तो वाचला. परंतु लगेच ८ एप्रिलला बरी येथील कार्यक्रमात त्याला आणले गेले. तो मोजकीच गाणी गाऊ शकला आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी धुडगूस घातला. तेव्हाच सगळे थांबायला हवे होते. थांबले नाही. २ मे रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात बँडचा अखेरचा कार्यक्रम झाला. १९ मे रोजी ते अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यावर निघणार होते. त्याच्या आदल्या दिवशी, १८ मे १९८० च्या पहाटे, इयानने बार्टन स्ट्रीटवरील घरात आयुष्य संपवले.

पुढच्याच महिन्यात 'लव्ह विल टेअर अस अपार्ट' हे गाणे प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनच्या क्रमवारीत तेराव्या स्थानी पोहोचले. मॅक्लेसफील्डच्या स्मशानभूमीतील त्याच्या स्मृतिशिलेवर डेबोराने हेच शीर्षक कोरून घेतले. जुलैमध्ये 'क्लोजर' आला. त्याच्या वेष्टनावर इटलीतील जेनोआच्या दफनभूमीतील शोकमग्न शिल्पांचे छायाचित्र आहे. ते आधीच निवडलेले होते, तरीही मृत्यूचा बाजार मांडल्याचा आरोप झाला. तिथून जी दंतकथा सुरू झाली, ती त्याच्या नैराश्यालाच प्रतिभा समजू लागली. उपचारांची गरज असलेल्या एका तरुण बापाचे दुःख हे कलेचे मोल मानणे त्याच्यावर आणि अशाच अवस्थेतून जाणाऱ्या प्रत्येकावर अन्याय करणारे आहे.

ही गाणी नव्याने ऐकू पाहणाऱ्याने म्हणूनच मृत्यूची कथा बाजूला ठेवून आरंभ करावा. पहिल्यांदा 'ट्रान्समिशन' ऐकावे. रेडिओच्या नादावर नाचण्याचे हे आवाहन या बँडमध्ये किती ऊर्जा होती ते दाखवते. त्यानंतर 'अननोन प्लेझर्स' सलग ऐकावा, शक्य तर रात्री आणि कानाला हेडफोन लावून, म्हणजे हॅनेट यांनी सोडलेल्या मोकळ्या जागा जाणवतात. 'अॅटमॉस्फियर' हे गाणे आधी फ्रान्समध्ये केवळ १,५७८ प्रतींत निघाले होते. त्याची संथ, प्रार्थनेसारखी चाल गॉथिक रॉकच्या पुढच्या साऱ्या वाटचालीत ऐकू येते. 'क्लोजर' शेवटी ऐकावा आणि त्यातल्या 'द इटर्नल' पाशी थांबावे. समनरने सांगितल्याप्रमाणे, इयानच्या बालपणी शेजारी एक मतिमंद मुलगा राहत असे. अनेक वर्षांनी इयानने त्याला पुन्हा पाहिले तेव्हा मुलगा मोठा झाला होता, पण त्याचे जग घर आणि अंगण एवढेच उरले होते. ते पाहून हे गाणे आले. ज्या अल्बमला लोक इयानचे निरोपपत्र म्हणतात, त्याच्याही मध्यभागी असे एक दुसऱ्याचे दुःख आहे.

उरलेल्या तिघांनी नाव बदलून 'न्यू ऑर्डर' हा बँड सुरू केला. इयानने मागे ठेवलेल्या शेवटच्या गाण्यांपैकी 'सेरेमनी' त्यांना पहिली तबकडी म्हणून काढायचे होते. परंतु त्याचे शब्द कागदावर कुठेच सापडेनात. मंचावर ते गायले गेले ते बर्मिंगहॅमच्या त्या अखेरच्या कार्यक्रमात, आणि सरावाच्या एका ध्वनिफितीत ते होते, तेही गोंगाटात बुडालेले. समनरने ती फीत यंत्रावर लावली, इतर आवाज कमी करत करत पुन्हा पुन्हा वाजवली आणि इयान काय म्हणतो आहे ते शब्दाशब्दाने उतरवून घेतले. १९८१ मध्ये ती तबकडी प्रसिद्ध झाली.